नातीच्या दुधाचं पाणी

तात्यांना पाण्याचा पेला देणं म्हणजे आपणहून अपमान करून घेणं. पेला हातात आला की ते आधी तो उजेडाकडे धरणार, मग वास घेणार, मग तळाशी काही बसलंय का ते वाकून बघणार. आणि एवढं सगळं झाल्यावर पेला तसाच खाली ठेवून पिशवीतून स्वतःची बाटली काढणार नि घरच्या बाईच्या देखत घटाघटा पिणार. बरं, तहान नव्हती असंही म्हणायची सोय नाही! माणूस वाईट नव्हता, पण ही खोड काही गेली नाही.

दोष नोकरीचा. सरकारी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने आणून तपासायचे, हे तात्यांचं काम. मोटरसायकलच्या मागे बर्फाची पेटी बांधायची आणि गावोगावचे हातपंप, विहिरी, बोअर पालथ्या घालायच्या. लोकांना वाटतं, बाटली भरून आणायची, त्यात काय मोठं? तात्यांना हातपंपावर एकदा बघायला हवं होतं. आधी बराच वेळ पंप हापसून नळीतलं शिळं पाणी घालवायचं. मग तोटीचं तोंड पुसायचं, चिमट्यात स्पिरिटचा बोळा धरून पेटवायचा आणि तोटी चांगली भाजून काढायची. बाटली निर्जंतुक केलेली. तिचं झाकण करंगळीत असं अडकवायचं की आतल्या बाजूला बोटसुद्धा लागता कामा नये. नेमकं तेव्हाच मागून कुणीतरी "काय तात्या, आज पंप पेटवून देता की काय!" म्हणून खिदळणार. तात्या हूं की चूं करत नसत. बाटली बर्फात गेली की मगच श्वास सोडत, आणि जमलेल्या बायकांकडे वळून आपला ठरलेला शब्द टाकत.

"उकळा!"

निकाल काय यायचा तो येवो. पाणी आरशासारखं असो नाहीतर चहासारखं, "उकळा. खळखळून उकळा. निवलं की झाका." या एका शब्दापायी त्यांचं नाव उकळातात्या पडलं. लांबून मोटरसायकल दिसली की पोरं आरडाओरडा करत, "उकळा आला, उकळा आला!" एका म्हाताऱ्यानं तर तोंडावर सांगितलं, "बाकीचे सरकारी लोक येतात ते आमच्याकडून उकळतात, तू निदान आम्हाला उकळायला सांगतोस. तुझं चांगलं होवो."

हा शब्द काही हवेतून आलेला नव्हता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका वस्तीवर जुलाबांची साथ आली. तात्यांनी नमुना आणला, नळ्या भरल्या, उबदार पेटीत ठेवल्या. पाण्यात जंतू असले तर नळी गढूळ होते आणि तिच्या आतल्या छोट्या उलट्या नळीत हवेचा बुडबुडा धरतो. पण त्याला दिवस जावा लागतो, तिथे कुणाची घाई चालत नाही. दुसऱ्या दिवशी बुडबुडा दिसला तसे तात्या धावत वस्तीवर गेले. ज्या बाईनं आदल्या दिवशी पंप हापसून दिला होता, तिच्या अंगणात माणसं गप्प बसली होती. तिची मुलगी सकाळीच गेली होती. कुणी तात्यांना एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून निकालाची वाट बघायची नाही, आधी उकळा म्हणून सांगून मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं. आणि त्या शब्दानं माणसं जगली, यात खोटं काही नाही. किती वस्त्यांवरची साथ नुसत्या चुलीवरच्या पातेल्यानं थांबली. तेव्हा पुढचं ऐकून कुणी तात्यांना मूर्ख म्हणायचं काम नाही.

पण त्या अंगणातून परत आलेला माणूस पुन्हा कधी स्वस्थ बसला नाही. जेवताना गुडघा हलतोय. पेपर वाचताना मध्येच उठून पिंपाचं झाकण नीट बसलंय का बघून येतोय. बायको वैतागायची. "अहो, बूड टेकवा की जरा! खुर्चीत काय निखारे ठेवलेत मी?" तात्या टेकत, आणि तिची पाठ वळली की पुन्हा उठत.

एकुलती एक लेक मात्र बापाची शेपूट. शाळेत जायच्याही आधी ती शेजाऱ्यांच्या घरी जाऊन ऐटीत विचारायची, "काकू, उकळलेलं आहे ना?" शेजारीण कपाळाला हात लावायची आणि तात्यांची छाती फुगायची. ही पोरगी मोठी झाली, तिनं आपला नवरा आपणच शोधला आणि तात्या नि त्यांची बायको बोलणी करायला मुलाच्या घरी गेले. पन्नासावर गाई बांधलेला मोठा गोठा, मुलगा दुधाची गाडी चालवणारा, आणि घराची सगळी सूत्रं विहीणबाईंच्या हातात. विहीणबाई म्हणजे खणखणीत बाई. पाहुण्यांपुढे पेले ठेवत म्हणाल्या, "प्या! आमच्या बोअरचं पाणी आहे. सगळ्या गावाच्या बोअर आटल्या तरी ही आटत नाही. अशी चव कुठे मिळायची नाही."

तात्यांनी पेला उजेडाकडे धरला. बायकोनं कोपर मारलं. तात्यांनी वास घेतला. बायकोनं चिमटा काढला. व्हायचं ते झालंच. थोड्या वेळानं तात्या अंगणातल्या नळापाशी, हातात पेटता बोळा.

"अहो व्याही!" विहीणबाई ओरडल्या. "मुलगी द्यायला आलात की माझा नळ जाळायला?"

त्या दिवशी मोटरसायकलला रसायनांच्या तपासणीचा मोठा कॅनही लटकलेला होता, रिकामा. कारण पाण्याची तपासणी दोन तऱ्हेची. जंतूंची बाटली वेगळी आणि रसायनांचा कॅन वेगळा. बाटली आधी विसळायची नाही, कॅन मात्र त्याच पाण्यानं विसळून घ्यायचा. दोन्हींची टेबलंही वेगळी. पण एक बाटली भरेपर्यंतच विहीणबाईंचे डोळे एवढे मोठे झाले होते की कॅनला हात घालायची तात्यांची छाती झाली नाही. सोयरीक मोडली असती तर बायकोनं त्यांनाच उकळून काढलं असतं. घराच्या मागे, बोअरच्या वरच्या अंगाला, शेणाचा भलामोठा खड्डा होता. तोही तात्यांना दिसला होता. म्हणून तर ते दुसऱ्या दिवशी नळ्यांवर डोळे लावून बसले. बुडबुडा नाही. एकाही नळीत नाही. तात्यांनी हसत हसत फोन केला, "विहीणबाई, पास!"

झालं. विहीणबाई गल्लीभर सांगत सुटल्या. खुद्द व्याह्यांनी पास केलेलं पाणी आहे, सरकारी माणूस आहे, पेल्यात नाक घालणारा माणूस आहे!

लग्न झालं. पुढे लेकीला मुलगी झाली. बाळंतपणानंतर लेकीला ताप आला, तापात अंगावरचं दूध आटलं आणि बाळाला डब्यातल्या पावडरीचं दूध सुरू करावं लागलं. तात्या फोनवर रोज तोच पाढा म्हणत. बाटली कशी धुतेस, ब्रश कुठला, निपल झाकून ठेवतेस ना, माशी बसत नाही ना. लेक न कंटाळता उत्तरं देई.

आणि एक दिवस सकाळी तिचाच फोन आला.

"बाबा, बाळ नीट पीत नाही हो. नुसतं पडून असतं. रंगही बरा वाटत नाही. ओठ जांभळट दिसतात."

"डॉक्टर?"

"इथल्या दवाखान्यात नेलं होतं. थंडी असेल म्हणाले, बघू म्हणाले."

"पाणी उकळतेस ना?"

"बाबा! मला विचारता?"

"किती उकळतेस?"

"उकळी आली की थोडा वेळ ठेवते आणि..."

"थोडा वेळ?" तात्या फोनवर एवढे ओरडले की बायको आतून धावत आली. "अगं, जंतूंना काय दया दाखवतेस? चांगलं खळखळून आटू दे! निम्मं होईस्तोवर आटव!"

फोन ठेवला आणि त्यांना घरात राहवेना. चपला पायात, किल्ली हातात. बायको म्हणाली, "मी पण येते." तात्या म्हणाले, "अगं, गाडीवर पेटी आहे." बायको म्हणाली, "तुमच्या पेटीला एक दिवस रजा द्या." पण तात्यांना पेटी हवी होती. नमुना घेतल्याशिवाय परत यायचंच नव्हतं. शेवटी ते एकटेच गेले.

लेकीच्या स्वयंपाकघरात शिरले तर खिडकीच्या काचा वाफेनं धुरकट झालेल्या. शेगडीवर मोठं पातेलं, त्यात पाणी उड्या मारतंय. काठोकाठ भरलेलं पातेलं तळाला आलेलं, आणि वरच्या कडेला पांढरी वलयं उमटलेली. लेकीच्या कपाळावर घाम, हातात बाटलीत पाणी ओतायची डाव. त्याही गडबडीत ती बापाकडे बघून हसली. "सकाळपासून ठेवलंय बाबा. बघा."

"शाब्बास," तात्या म्हणाले.

आणि मग त्यांनी बाळ बघितलं. दुपट्यातला तो एवढासा जीव राखेच्या रंगाचा झाला होता. ओठांना कुणी शाईचं बोट लावावं तसे ओठ. रडत नव्हतं. रडलं असतं तर तात्यांना धीर आला असता. त्यांनी त्याच्या तळव्याला गुदगुल्या केल्या, तर पाय हलला न हलला.

ते ताडकन उठले, अंगणात गेले आणि नळ पेटवला.

"जाळा! पुन्हा जाळा!" विहीणबाई गोठ्यातूनच कडाडल्या. पण आवाजात नेहमीची धार नव्हती. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "व्याही, पाणी तर तुम्हीच पास केलेलं. दोष असेल तर त्या डब्यातल्या पावडरीचा. मी कालच दुसरा डबा आणवलाय."

"उद्या कळेल," तात्या म्हणाले. "तोवर आटवून घ्या."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचं दार उघडायच्या आधीच तात्या पायरीवर उभे. कुलूप निघालं तसे थेट उबदार पेटीपाशी. एकेक नळी काढून उजेडाकडे धरली. पाणी नितळ. बुडबुडा नाही. पुन्हा पहिल्यापासून बघितल्या. एकीतही नाही.

एरवी आनंदानं चहा सांगितला असता. आज त्यांना धडकीच भरली. जंतू सापडले असते तर शत्रू ओळखीचा होता, त्याला मारायचं कसं ते ठाऊक होतं. पाणी स्वच्छ, बाटली स्वच्छ, पोरगी बापाच्या वरताण काटेकोर, मग बाळ निळं का? ते टेबलाभोवती फेऱ्या मारायला लागले. नळ्यांचा स्टँड उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"तात्या, फरशी झिजेल," पलीकडच्या टेबलावरून ताई म्हणाली. ही रसायनांची तपासणी करणारी ताई. वीस वर्षं दोघांची टेबलं शेजारी, पण तात्यांनी तिच्या कामात कधी डोकं घातलं नव्हतं. जंतू म्हणजे वैरी आणि रसायनं म्हणजे आकडेमोड, असा त्यांचा खाक्या. ताई चिमट्यानं चिनीमातीची एक बशी तराजूवर ठेवत होती. तात्यांची नजर सहज त्या बशीवर पडली. बशी कोरडी होती. आतल्या कडेला पांढरी वलयं उमटलेली होती.

तात्यांचे पाय जागीच थांबले.

"हे काय करतेस?"

"रोजचंच की! तुम्ही काय आज नवीन आलात? बशीत पाणी घालायचं, आटवायचं, मागे उरेल ते तोलायचं." ताई आपल्याच नादात होती. "पाणी जातं वाफ होऊन. त्यातलं बाकीचं कुठे जाणार? बसतं इथेच."

तात्यांच्या डोळ्यांपुढे लेकीचं पातेलं उभं राहिलं. तळाला आलेलं पाणी, आणि तिची ती डाव. राहिलेलं पाणी जपून, एक थेंब न सांडता बाटलीत ओतणारी डाव.

"ताई," ते म्हणाले. "बोअरच्या वरच्या अंगाला शेणाचा खड्डा असेल. पाण्यात जंतू नसतील. तर काय असेल?"

"नायट्रेट. जंतूंना माती गाळते हो, पण नायट्रेट पाण्याबरोबर थेट खाली उतरतं. ना रंग ना वास, चवीलाही कळत नाही. मोठ्यांना लगेच काही होत नाही, पण तान्ह्या बाळांना मात्र... रक्तातला प्राणवायूच..." ताईनं मान वर केली आणि त्यांचा चेहरा बघून चिमटा खाली ठेवला. "तात्या, कुणाचं बाळ?"

"आणि उकळलं तर?"

"नायट्रेट उकळून जात नाही."

"आणि आटवलं तर?"

ताईनं बशीकडे बघितलं. बशी दोघांच्या मध्येच होती.

तात्यांनी फोन लावला. लेकीनं उचलला.

"पाणी पाजू नकोस!"

"कुठलं पाणी, बाबा?"

"उकळलेलं!"

"मग... कच्चं पाजू?"

"कच्चं नाही! उकळलेलं नाही! त्या बोअरचं कुठलंच पाणी नाही!"

मग लेकीचा रडवेला आवाज, "बाबा, तुम्ही काल म्हणालात आटव. असं काय करता?" तेवढ्यात फोन विहीणबाईंनी हिसकावून घेतला असावा. "व्याही, काल आटवा, आज पाजू नका! तुमचं एक काय ते ठरवा. पोरगी आधीच अर्धमेली झालीय इथे."

"विहीणबाई," तात्या म्हणाले, "माझं चुकलं. माझं चुकलं. बाळाला आत्ताच्या आत्ता गाडीत घाला आणि मोठ्या हॉस्पिटलात आणा. पाया पडतो तुमच्या."

तात्या आणि 'माझं चुकलं'! विहीणबाईंनी पुढे एक अक्षर विचारलं नाही. जावई पुढे सांगायचा, आईनं गाडीतले भरलेले कॅन स्वतःच्या हातांनी अंगणात ढकलले, झाकणं उडाली, सगळ्या अंगणात दूध, आणि ती ओरडत होती, "गाडी काढ! बघत काय उभा राहिलास?"

इकडे ताईनं तात्यांच्या बाटलीत उरलेलं पाणी काढून घेतलं. "एवढंच आहे, पण अंदाज येईल. तुम्ही निघा." आणि एक छोटी डबी त्यांच्या खिशात कोंबली. "पट्ट्या आहेत. पाण्यात बुडवायची, नायट्रेट असलं तर गुलाबी होते. असू द्या जवळ."

हॉस्पिटलच्या फाटकाशी तात्या दुधाच्या गाडीची वाट बघत उभे राहिले. उभे कसले! रस्त्याच्या कडेला जात, परत फाटकाशी येत, पुन्हा जात. पहारेकऱ्यानं "कोण आजारी आहे काका?" विचारलं तर म्हणाले, "दुधाची गाडी दिसली का?" शेवटी गाडी आली. लेक उतरली, छातीशी दुपटं, पायांत दोन पायांच्या दोन चपला. तात्यांनी हात पुढे केले, पण ती त्यांच्या शेजारून धावत आत गेली.

मुलांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज शांत. त्यांनी बाळाच्या ओठांकडे बघितलं, सुईनं जरासं रक्त काढलं आणि पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकला. लाल नव्हताच तो. चॉकलेटी.

"वरचं दूध देता? कुठल्या पाण्यात कालवता?" त्यांनी लगेच विचारलं. त्यांना सांगायची गरजच नव्हती, त्या बरोबर जागी आल्या होत्या.

लेक घाईघाईनं म्हणाली, "बोअरचं आहे, पण उकळलेलं आहे डॉक्टर. चांगलं निम्मं आटवून घेतलेलं. मी कधी कसूर केली नाही. माझे बाबा पाण्याच्याच खात्यात आहेत."

भिंतीला टेकलेल्या तात्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. डॉक्टरीणबाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. तात्या म्हणाले, "मीच सांगितलं होतं आटवायला."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. तेवढा वेळच नव्हता. "जंतूंसाठी उकळणं बरोबर. हे जंतू नाहीत," एवढंच म्हणाल्या आणि कामाला लागल्या. औषध आलं, गडद निळं. निळ्या बाळाला निळं औषध! विहीणबाईंनी तोंडावर पदर धरला. ते निळं औषध त्या काडीएवढ्या हातात थेंब थेंब उतरायला लागलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

बाहेरच्या बाकावर विहीणबाई बसल्या, तात्या उभे. ताईचा फोन आला. बोअरच्या कच्च्या पाण्यातच नायट्रेट चालतं त्याच्या किती तरी पट होतं. आटवलेल्या पाण्याचा हिशोब तिनं सांगितला नाही आणि तात्यांनी विचारला नाही.

"तुम्ही पास केलं होतंत," विहीणबाई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "मी गल्लीभर सांगत फिरले. निर्धास्त होते मी, व्याही."

"एकच बाटली भरली मी. दुसरा कॅन होता बरोबर. तुमच्या डोळ्यांना घाबरलो."

"माझ्या डोळ्यांना!" त्यांनी मान वळवली. डोळे लाल झाले होते. "तुमच्या त्या पेटत्या बोळ्यापुढे माझे डोळे ते काय! कॅन काय, माझी पिंपं भरून नेली असतीत तरी मी चार शब्द बोलून गप्पच बसले असते. बोलते मी, पण खाऊन टाकते का कुणाला?"

तात्या बाकाच्या टोकाशी टेकले आणि लगेच पुन्हा उठले.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग आतून रडणं ऐकू आलं. किरकिर नाही, चांगलं सणसणीत, आख्खा मजला डोक्यावर घेणारं रडणं. दार उघडलं. बाळ दुपट्यात लाथा झाडत होतं, आणि ओठ... तात्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. ओठ गुलाबी होते. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. विहीणबाई मोठ्यानं रडायला लागल्या आणि जावई त्यांना गप्प करता करता स्वतःच रडायला लागला.

"भूक लागलीय तिला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दूध द्या. पण पाणी इथलंच घ्या."

तात्या लेकीजवळ गेले. लेक बाळाकडेच बघत होती.

"तुम्ही म्हणालात निम्मं आटव," ती हळूच म्हणाली. "मी त्याच्याही पुढे आटवलं, बाबा. म्हटलं, बाबांनी सांगितलंय त्याच्यापेक्षा कमी नको. मीच तिला..."

"तू नाही. मी."

"पाजत तर मी होते ना?"

तात्यांना हुंदका आला. तो त्यांनी गिळला नाही. इतक्या वर्षांत लेकीनं बापाला रडताना पहिल्यांदाच बघितलं, आणि तिनं त्यांचा हातही धरला नाही, दूरही केला नाही. बाळ ओरडतच होतं.

नर्स थर्मास घेऊन आली. गोल चेहऱ्याची, हसरी. तात्यांकडे बघून थबकली. "अगंबाई, तात्या ना तुम्ही? उकळातात्या! ओळखलं नाहीत मला? आमच्या शाळेच्या हातपंपावर यायचात. आम्ही तुमच्या मागे ओरडत पळायचो." तिनं थर्मास लेकीच्या हातात दिला आणि कौतुकानं म्हणाली, "घ्या ताई, बिनधास्त घ्या. चांगलं उकळलेलं आहे."

लेकीचा हात तिथेच थांबला. तिनं वर बघितलं ते थेट बापाकडे. लहानपणी शेजारणीच्या घरी पेला हातात आला की बघायची तसंच. तात्यांनी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना ठाऊक नव्हतं. हॉस्पिटलचं पाणी कुठून येतं, त्यात काय आहे, काय नाही, त्यांना काही ठाऊक नव्हतं.

"थांब," ते म्हणाले. खिशातून डबी काढली. थर्मासच्या झाकणात थोडं पाणी ओतलं, ते निवू दिलं, एक पट्टी काढून बुडवली. नर्स बघतच राहिली. बाळानं रडून रडून आवाज टिपेला नेला होता. विहीणबाई म्हणाल्या, "अहो, पोरगी भुकेनं कासावीस झालीय," आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, "नाही, नाही. होऊ दे. नीट होऊ दे." तात्या पट्टी धरून उभे होते. वस्तीवरच्या त्या अंगणानंतर पहिल्यांदाच त्यांचा गुडघा हलत नव्हता.

पट्टी पांढरी राहिली.

"पांढरी आहे," तात्या म्हणाले. "दे तिला."

लेकीनं बाळ विहीणबाईंच्या हातात दिलं. मग बापाच्या हातातून ती पट्टी आणि डबी काढून घेतली, खिडकीशी गेली आणि उजेडाकडे धरली. अशी फिरवली, तशी फिरवली, डबीवरच्या रंगांशी एकेक करून लावून बघितली. तात्यांनी घाई केली नाही. तिचं बघून झालं, मग तिनं ती पट्टी जपून ओढणीच्या टोकात बांधली आणि दूध कालवायला घेतलं.